डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) होऊन सहा वर्षं झाली. आता पदवी करू का?

स्लाईडवाला

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायला आज पहिल्यांदा बसलोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बारावीला पीसीबी होतं, नीटमध्ये निभाव लागला नाही. घरी दोन एकर कोरडवाहू, त्यामुळे लवकर हाताशी येईल असं काहीतरी कर म्हणाले, म्हणून डीएमएलटी केलं. गेली सहा वर्षं सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका खासगी लॅबमध्ये आहे. सकाळी सातला शटर वर करण्यापासून सगळं मीच. रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूज लावायचं, मशीन चालवायचं, रिपोर्ट टाईप करायचे, बिल फाडायचं, गर्दी ओसरली की फरशीसुद्धा पुसायची. पॅथॉलॉजिस्ट मॅडम संध्याकाळी येतात, स्लाईडी बघतात, सह्या करतात.

आता लॅब सायन्सची पदवी करावी असं डोक्यात घोळतंय. वय २७. घरी मुली बघणं चालू आहे. मालकांजवळ सहज विषय काढला तर हसले. म्हणाले, "बटण दाबायला डिग्री कशाला लागते रे?" राग आला, पण रात्री विचार केला तर उत्तरही सुचेना. सेल काउंटरला सॅम्पल दाखवलं की मिनिटभरात कागद बाहेर. मी त्यात काय करतो?

तर पदवीने खरंच फरक पडतो का? आणि पदवी झाली की स्वतःची लॅब टाकून स्वतःच्या सहीने रिपोर्ट देता येतात का? आमच्या गावात दोघं देतात.

खारीबिस्कीट

मालकांच्या वाक्याचा अर्थ: डिग्री झाली की तू पगार वाढवून मागशील.

मी_पॅथॉ

आधी सहीचा विषय संपवते, कारण त्या एका आशेवर फी भरणारी मुलं दरवर्षी भेटतात. नाही देता येत. गुजरातमधल्या लॅबचालकांच्या संघटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. डीएमएलटी असो की बीएमएलटी (लॅबची पदवी), सहीचा अधिकार त्यातून येत नाही. गावातले दोघं देतात तो त्यांचा धोका, तुम्ही तो घेऊ नका.

आता बटणाचं. गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. डेंग्यूचा हंगाम, बाकावर जागा नाही. एका बाईंच्या प्लेटलेट मशीनने २८,००० दाखवल्या. बाईंना ताप नाही, अंगावर एक ठिपका नाही, कुठल्याशा किरकोळ ऑपरेशनआधीची तपासणी होती. आकडा कुणीतरी फोनवर सांगून टाकला होता आणि जावई प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी फोनाफोनी करत होता. आमची टेक्निशियन, तेवीस वर्षांची मुलगी, छापील रिपोर्ट हातात धरून अडून बसली. "मॅडम, मी स्मिअर केलाय, आधी शेपटीकडे बघा."

काचेवर ओढलेल्या रक्ताच्या पातळ थराच्या टोकाकडे बघितलं, तर प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके. काही माणसांच्या रक्तात ईडीटीए (जांभळ्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं रसायन) मिसळला की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन आकार बघून मोजतं, पुंजका त्याच्या हिशेबी प्लेटलेट नसतोच. तिने निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं. आकडा आला १,७८,०००. तो १.१ ने गुणायचा, कारण ट्यूबमधल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. म्हणजे १,९५,८००. बाई चहा पिऊन घरी गेल्या.

बटण त्या मुलीनेही दाबलंच होतं की.

वाकडीवाट

डॉक्टर, कायदा मान्य. पण मी ज्या लॅबमध्ये तीन वर्षं होतो (नाव घेत नाही) तिथे सहीवाले डॉक्टर मी एकदाही पाहिले नाहीत. सही स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली. रात्री दोनला ट्रोपोनिन (हृदयविकाराच्या झटक्याची तपासणी) पॉझिटिव्ह आला की वॉर्डात फोन मी करायचा, कागदावर सही त्यांची उमटायची, महिन्याचं पाकीट त्यांच्या घरी जायचं. चूक झाली असती तर उभं कुणाला केलं असतं?

मी_पॅथॉ

बचाव करणार नाही. सही भाड्याने देणारे आमच्यातच आहेत आणि ते आम्हाला माहीत असतात. न बघितलेल्या रिपोर्टवरची सही म्हणजे पेशंटची फसवणूक. पण त्याच्यावर उपाय म्हणून "मग आम्हालाच सही द्या" हे मला पटत नाही. रात्री दोनचा ट्रोपोनिन तुम्ही बरोबरच लावला असणार. त्याच रात्री स्मिअरमध्ये ब्लास्ट पेशी (रक्ताच्या कर्करोगाची खूण) दिसल्या असत्या तर?

वाकडीवाट

तर तुम्हाला फोन केला असता. उचलला असतात का, हा प्रश्न आहे.

मी_पॅथॉ

मी उचलते. सगळ्यांचं नाही सांगू शकत.

आजोबा_ठाण्याचे

भांडण थांबवा, एक जुनी गोष्ट सांगतो. ३४ वर्षं रक्तपेढीत काढली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली.

रात्रपाळी होती. वॉर्डातून बाळंतिणीचं सॅम्पल आलं, रक्तस्राव थांबत नव्हता. गट लावला. अँटी-ए ला गुठळी नाही, अँटी-बी ला नाही. ओ. ओ ची पिशवी काढून क्रॉसमॅच (दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं) लावला तर जुळेना. दुसरी काढली, तिसरी काढली, पाचवी. दर ट्यूबमध्ये गुठळी. माझ्याबरोबर नवीन लागलेला एक मुलगा होता, तो म्हणाला, ट्यूबा नीट धुतलेल्या नसतील, परत लावू.

पण आम्हाला उलटा गट लावल्याशिवाय रजिस्टरमध्ये नोंद करायची नाही अशी शिस्त होती. उलटा म्हणजे पेशंटचं सीरम घ्यायचं आणि त्यात ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी टाकायच्या. ओ पेशींना कुणाच्याच सीरममध्ये गुठळी व्हायला नको. इथे झाली, आणि तीही भरभक्कम. तिथे माझी ट्यूब पेटली. बॉम्बे ग्रुप.

ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच या लोकांच्या पेशींवर नसतो. ओ वाल्यांच्या पेशींवर एच भरपूर असतो, म्हणून ओ चं रक्तसुद्धा यांना चालत नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट आपल्या मुंबईतच शोधला, लॅन्सेटमध्ये छापून आला, म्हणून जगभर त्याला बॉम्बेच म्हणतात. खात्रीसाठी युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून केलेलं अँटी-एच लावतात. तेही लावलं. काही नाही, पेशी सुट्या.

मग दाता शोधायचा. अशा वेळी सख्खी भावंडं आधी तपासतात, कारण प्रत्येकाचा जुळायचा संभव चारात एक. तिचे तीन भाऊ होते. दोघे ओपीडीच्या बाहेरच बसलेले, ते नाही निघाले. तिसरा टिटवाळ्याला. पहाटेच्या पहिल्या लोकलने आला, चप्पलसुद्धा दोन वेगवेगळ्या. त्याचं जुळलं.

नवीन मुलाचं ऐकून सहावी ट्यूब धुवायला घेतली असती तर तेवढा वेळ गेला असता. वाईट तर पुढेच. कुणीतरी "ओ आहे, इमर्जन्सी आहे, द्या" म्हणून पिशवी लावली असती.

खारीबिस्कीट

आजोबा, दोन वेगळ्या चपलांवर डोळ्यात पाणी आलं. बाकी सायन्स डोक्यावरून गेलं तरी.

गवतीचहा

मी हाच विषय शिकवते. स्लाईडवाला, पदवी कर असंच सांगेन, पण कुठलीही नको.

"कामावर राहून, घरबसल्या बीएमएलटी" अशा जाहिराती तुझ्या मोबाईलवर आतापर्यंत येऊ लागल्या असतील. त्यांना हात लावू नकोस. २०२१ मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर कमिशनचा केंद्रीय कायदा झाला, त्यात लॅब सायन्स येतं. आणि त्या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालवायचे नाहीत असं यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सांगून टाकलंय. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाची मान्यता बघ. राज्याच्या पॅरामेडिकल परिषदेत त्या पदवीवर नोंदणी होते का, तेही परिषदेलाच विचार, कॉलेजच्या ऑफिसला नाही. डीएमएलटीवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश काही ठिकाणी मिळतो, सगळीकडे नाही. मिळाला तर तुझं एक वर्ष वाचेल.

कॉलेज बघायला गेलास की प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि विचार, काल दिवसभरात स्वतःच्या हाताने काय केलं? "थुंकीच्या दहा स्लाईडी झील-नील्सन (टीबीचे जंतू रंगवायची पद्धत) केल्या, एकीत शंभर फील्डमध्ये चार जंतू सापडले, स्कँटी (तुरळक) लिहून आकडा दिला" असं कुणी म्हणालं तर निःशंक प्रवेश घे. "सर दाखवतात, आम्ही बघतो" म्हणालं तर रिक्षा थांबवूनच ठेव. मी नोकरीला लागले त्या पहिल्या कॉलेजात चाळीस मुलांत तीन मायक्रोस्कोप होते, त्यातल्या एकाची ऑइल इमर्शन लेन्स धुरकट. मुलं पास व्हायची, जर्नल सुबक असायची. अजून मला त्याची लाज वाटते. मोठं हॉस्पिटल जोडलेलं नसेल तर या पदवीला अर्थ नाही.

आणि तुझ्या मालकांसाठी एक प्रश्न तुलाच विचारते. न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या आखीव काचेत) चार कोपऱ्यांतल्या पांढऱ्या पेशी मोजून ५० ने गुणायचं, हे तुला झोपेत येत असेल. हे ५० आले कुठून? गूगल न करता सांग.

स्लाईडवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

गवतीचहा मॅडम, खरं सांगतो, सांगता आलं नाही. डीएमएलटीला "गुणिले ५०" एवढंच लिहून घेतलं होतं. रात्री जेवण झाल्यावर वहीवर मांडलं. कोपऱ्यातला एक चौकोन १ मिमी लांब, १ मिमी रुंद, वर कव्हरस्लिप ठेवली की खोली ०.१ मिमी. म्हणजे ०.१ घन मिमी. चार चौकोनांचे ०.४. रक्त २० पट पातळ केलेलं. २० भागिले ०.४ बरोबर ५०. सहा वर्षं गुणतोय. आईला उठवून सांगावंसं वाटलं, पण ती म्हणाली असती झोप.

आजोबांची गोष्ट वाचून माझीही एक आठवली. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या बाबांचं प्लेन ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं. परत टोचायला नको म्हणून मी जांभळ्या ट्यूबमधलं थोडं त्यात ओतलं. पोटॅशियम आलं ११, कॅल्शियम ४ च्याही खाली. मॅडमनी फोनवर विचारलं, "बाबा बाकावर बसलेत का? बघ आधी." बाबा बसून चणे खात होते. मॅडम म्हणाल्या, पुन्हा असं करायचं नाही. नाहीच केलं. पण का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

गवतीचहा

शाब्बास, ५० बरोबर.

जांभळ्या ट्यूबमधला ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतो, म्हणून तुझं पोटॅशियम आकाशात गेलं. आणि तो रक्त गोठू देत नाही तो मुळात कॅल्शियम धरून ठेवूनच, म्हणून ते पाताळात. ओतायचीसुद्धा गरज नसते, रक्त घेताना ट्यूबांचा क्रम चुकून जांभळी आधी लागली तरी थोडा ईडीटीए पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतो. म्हणून निळी आधी, मग प्लेन किंवा जेल, मग हिरवी, मग जांभळी, करडी शेवटी. तुझ्या लॅबमध्ये भिंतीवर हा तक्ता लावलेला असेल, चिकटपट्टीसकट पिवळा पडलेला.

स्लाईडवाला

आहे. त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय.

दुबईत_पण_कोल्हापूरचा

बाहेर जायचा विचार कधी मनात आला तर पदवीचा फरक तिथे लगेच कळतो. डिप्लोमावाला टेक्निशियन, पदवीवाला टेक्नॉलॉजिस्ट. पाटी वेगळी, पगार वेगळा. कागद डेटाफ्लो नावाच्या पडताळणी कंपनीमार्फत तपासले जातात, ते थेट विद्यापीठाला विचारतात, वर कॉम्प्युटरवर परीक्षा. घरबसल्या डिग्र्या तिथेच उघड्या पडतात.

एक फुकटचा सल्ला. आपल्याकडे मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. माझ्या बायकोचं तर लग्नाआधीचं एक, नंतरचं दुसरं. नुसत्या नावाच्या घोळात आमचे पाच महिने गेले, शेवटी प्रतिज्ञापत्र केलं. पदवीचा फॉर्म भरतानाच नाव पासपोर्टशी जुळवून घे. पासपोर्ट नसेल तर आधी काढ.

अवांतर: हेपॅटायटिस बी चे तीन डोस घेतलेस का? ०, १ आणि ६ महिने. इथे रुजू होण्याआधी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) मागितलं आणि आमच्या चार भारतीयांपैकी दोघांचे डोस अर्धवट निघाले. दोघंही आठ-दहा वर्षं सुया हाताळणारे.

फ्रेस्नोवासी

अमेरिकेत सीएलएस (क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट) म्हणून काम करते. कॅलिफोर्नियात एएससीपी या पॅथॉलॉजी संस्थेच्या परीक्षेबरोबर राज्याचा परवानाही लागतो, त्यासाठी आधी माझ्या मुंबईच्या पदवीचा विषयवार हिशेब द्यावा लागला.

वरचं सहीचं भांडण वाचून गंमत वाटली. इथे रोजच्या बहुतेक तपासण्यांचे निकाल आम्हीच पडताळून सोडतो, डॉक्टरची सही लागत नाही. लॅब डायरेक्टर असतो, पण प्रत्येक ग्लुकोज त्याच्यापुढे जात नाही. तो अधिकार मात्र फुकट मिळत नाही. परवाचंच बघा. पहाटे सोडियमचं कंट्रोल (मशीन तपासायचा, आकडा आधीच माहीत असलेला नमुना) लावलं, आलं तीन एसडीच्या (प्रमाणित विचलनाच्या) बाहेर. वेस्टगार्डच्या (लॅबच्या गुणवत्तेच्या) नियमाने तिथेच थांबायचं. इमर्जन्सीवाले फोनवर ओरडतायत, आणि मी कंट्रोलची नवी बाटली फोडतेय, इलेक्ट्रोड तपासतेय. चाळीस मिनिटं एकही सोडियम सोडलं नाही. नंतर कुणी जाब विचारला नाही, कारण चार्टवर बिंदू दिसत होता.

स्लाईडवाला, तुमच्याकडे कंट्रोल रोज लागतं का? खरं सांगायचं.

स्लाईडवाला

खरं सांगायचं तर महाग पडतं म्हणून सोमवार आणि गुरुवार.

मी_पॅथॉ

मालकांना सांगा, परत कराव्या लागणाऱ्या तपासण्यांचं रिएजंट मोजा, मग महाग काय ते बोलू. आणि हे सांगायला डिग्रीची वाट बघू नका. तुमच्या मॅडमना सांगा, सही त्यांची आहे.

स्लाईडवाला

सांगतो. थोडं विषयांतर, पण तज्ज्ञ मंडळी जमलीच आहेत तर विचारतो. दोन महिन्यांपासून आमच्या लीशमनच्या (रक्तपेशी रंगवायच्या स्टेनच्या) स्लाईडी निळ्याशार येतायत. लाल पेशीसुद्धा राखाडी-निळ्या, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे दाणे ओळखू येत नाहीत. स्टेनची बाटली बदलून बघितली, फरक नाही. मॅडम वैतागल्यात.

आजोबा_ठाण्याचे

पाणी कुठलं वापरतोस?

स्लाईडवाला

स्टेन दोन मिनिटं, मग त्याच्यावर दुप्पट पाणी, दहा मिनिटं, मग धुतो. आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणायचो. ते दुकान बंद झालं, तेव्हापासून बोअरचं, गाळून.

गवतीचहा

बोअरचं पाणी, तेही सोलापूरकडचं! अल्कधर्मी असणार. लीशमनला पीएच ६.८ लागतो. पाणी अल्कधर्मी झालं की निळा रंग चढतो आणि इओसिन (लाल-गुलाबी रंग) मागे पडतं, म्हणून लाल पेशी राखाडी. आम्लधर्मी असतं तर उलट, सगळं गुलाबी आणि केंद्रकं फिकी. बाटलीचा काही दोष नाही. बफरच्या (पीएच कायम ठेवणाऱ्या) गोळ्या मिळतात ६.८ च्या, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायच्या. धुतानाही शेवटचं पाणी त्याचंच घे. आणि स्मिअर जाड ओढत असशील तर तेही बघ.

आजोबा_ठाण्याचे

गोळ्या येईपर्यंत मॅडमना सांगून ठेव, नाहीतर त्या नवी स्टेन मागवतील.

स्लाईडवाला

पाच दिवसांनी परत आलोय. गोळ्या सोलापूरहून मागवल्या. आज सकाळची पहिली स्लाईड एका ऊसतोड कामगाराच्या पोराची, जंताचा संशय. इओसिनोफिल दर फील्डला एक-दोन, दाणे नारिंगी, मोजून घ्यावेत असे. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं पाणी बदललंस का. मी पीएच सांगितला. कंट्रोलचंही तेव्हाच काढलं. मालकांशी बोलते म्हणाल्या.

खारीबिस्कीट

ते सगळं ठीक. फॉर्म भरलास का?

स्लाईडवाला

शनिवारी कॉलेज बघायला सोलापूरला जायचं म्हणून सुट्टी मागितली. मालक म्हणाले, जा, पण सातची सॅम्पलं उरकून जा. आणि येताना बफरच्या गोळ्यांचं पाकीट आण म्हणाले, संपत आल्यात.